प्रतिजैविके: जिवाणूंवर ती कशी चालतात, कशी तयार होतात आणि कधी निकामी ठरतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रतिजैविक म्हणजे नक्की काय? अँटिबायोटिक आणि अँटिसेप्टिक एकच का?

नाही. अँटिसेप्टिक जखमेवर किंवा कातडीवर लावायचं असतं. ते समोर येईल त्या पेशीला भाजून काढतं, मग ती जिवाणूची असो की आपली. म्हणूनच ते पोटात घेत नाहीत. प्रतिजैविक म्हणजेच अँटिबायोटिक रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं आणि तरीही आपल्या पेशींना बहुतांशी हात लावत नाही. आजच्या अर्थाने 'अँटिबायोटिक' हा शब्द सेलमन वाक्समन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. त्यांच्या व्याख्येत फक्त सूक्ष्मजीवांनी बनवलेले पदार्थ बसत होते. आता प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवलेली औषधंही याच नावाने ओळखली जातात. भाषा शिथिल झाली, पण त्याने बिघडलं काही नाही.

औषधाने जिवाणू मरतो, मग आपल्या पेशी कशा वाचतात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकीची बहुतेक उत्तरं याच उत्तराची पोटउत्तरं आहेत.

जिवाणूत असलेली आणि आपल्यात नसलेली किंवा वेगळ्या घडणीची एखादी गोष्ट हेरायची आणि फक्त तिच्यावर घाव घालायचा, एवढीच प्रतिजैविकाची युक्ती. जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते, आपल्या पेशींना भिंतच नसते. प्रथिनं घडवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, दोघांकडेही आहे. पण जिवाणूचं ७०एस मापाचं, आपलं ८०एस मापाचं, आणि दोघांची घडण वेगळी. फॉलिक आम्ल दोघांनाही लागतं. आपण ते अन्नातून घेतो, पुष्कळ जिवाणूंना मात्र ते स्वतःच बनवावं लागतं, आणि सल्फा औषधं नेमकी ती बनवण्याची वाट अडवतात.

हा फरक जितका मोठा, तितकं औषध सुरक्षित. फरक पुसट झाला की दुष्परिणाम सुरू होतात. आपल्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांचे पूर्वज जिवाणूच होते, त्यामुळे त्यांच्यातले रायबोसोम जिवाणूंच्या वळणावर गेलेले आहेत. लिनेझोलिड फार दिवस घेतल्यावर काहींचं रक्त तयार होण्याचं काम मंदावतं, स्ट्रेप्टोमायसिनच्या जातकुळीतल्या औषधांनी काहींच्या कानावर परिणाम होतो, त्यामागे या जुन्या नात्याचा हात आहे. बुरशीजन्य आजारांवरची औषधं इतकी मोजकी का, याचं उत्तरही इथेच आहे: बुरशी जिवाणूपेक्षा आपल्याला कितीतरी जवळची.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत फोडतं, हे खरं आहे का?

परीक्षेत हे उत्तर चालून जातं, पण ते बरोबर नाही. पेनिसिलिन उभी भिंत फोडत नाही, नवी भिंत बांधू देत नाही.

जिवाणूच्या आत क्षार आणि इतर द्रव्यं दाटीवाटीने भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरू पाहतं. काही जिवाणूंमध्ये आतला दाब वीस वातावरणांच्या घरात जातो. हा दाब पेप्टिडोग्लायकनची जाळी पेलते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे धागे, अशी तिची वीण. जिवाणू वाढताना या जाळीला जागोजागी काप घेतो, नवे तुकडे बसवतो आणि आडवे टाके पुन्हा घालतो. हे टाके घालणारं विकर (एन्झाइम) शोधत असतं ते धाग्याच्या टोकाला असलेली डी-अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाची जोडी. पेनिसिलिनच्या रेणूतलं चार अणूंचं बीटा-लॅक्टम कडं त्या जोडीसारखं दिसतं. विकर फसतं, पेनिसिलिनला धरतं आणि तिथेच अडकून पडतं. ही नक्कल टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिली.

खरी गंमत पुढे आहे. टाके थांबले तरी कात्री थांबत नाही. जाळीला काप देणारी जिवाणूची स्वतःची विकरं काम करतच राहतात, भिंत विरत जाते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. म्हणजे घात घरच्यांकडूनच होतो, पेनिसिलिन फक्त दुरुस्ती बंद पाडतं.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. वाढत नसलेल्या, सुस्त पडून राहिलेल्या जिवाणूवर पेनिसिलिनचा फारसा परिणाम होत नाही. काप घेतलेच नाहीत, तर टाके अडवून काय होणार?

फ्लेमिंग यांच्या बशीची गोष्ट जशी सांगतात तशीच घडली का?

सप्टेंबर १९२८, लंडनचं सेंट मेरीज रुग्णालय. सुट्टीवरून परतलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या एका बशीत बुरशी आणि तिच्याभोवती विरलेल्या जिवाणूंचं वलय दिसलं. इथपर्यंत खरं. मात्र बुरशी उघड्या खिडकीतून उडत आली हे बहुधा खरं नाही. खालच्या मजल्यावर बुरशींवर काम करणारी प्रयोगशाळा होती, बीजाणू तिथून आले असण्याचा संभव जास्त.

मला या गोष्टीतला दुसराच पेच आवडतो. वाढून पूर्ण झालेल्या जिवाणूंच्या शेजारी ही बुरशी ठेवली, तर काहीच होत नाही! कारण वर आलंच आहे, पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंवरच चालतं. मग वलय पडलं कसं? फ्लेमिंग यांचे एकेकाळचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी हवामानाच्या जुन्या नोंदी काढून उलगडा केला. त्या उन्हाळ्यात आधी काही दिवस थंड गेले. थंडाव्यात बुरशी पुढे गेली, जिवाणू मागे राहिले. मग ऊब आली आणि जिवाणू वाढायला लागले, तोवर आजूबाजूला पेनिसिलिन पसरलेलं होतं. बशी उबवणीपेटीत ठेवली असती, तर हा शोध त्या बशीतून तरी लागला नसता.

आणि तो शोध म्हणजे औषध नव्हे. औषध ऑक्सफर्डला झालं. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचला, त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चौघे जगले, उरलेले चार मेले. पुढच्या वर्षी एका पोलीस शिपायाला औषध दिलं गेलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढून त्यालाच टोचायची वेळ आली. सुधारणा दिसत होती, पण औषध संपलं आणि तो दगावला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटली यांना नाही. बुरशी वाढवायला रुग्णालयातल्या बेडपॅनच्या घाटाची चिनीमातीची भांडी घडवून घेणारा आणि पेनिसिलिन पाण्यातून द्रावकात, द्रावकातून परत पाण्यात आणण्याची युक्ती सुचवणारा माणूस तोच.

पेनिसिलिन सोडलं तर बाकीची औषधं कुठे घाव घालतात?

सगळ्यात गजबजलेलं ठिकाण म्हणजे रायबोसोम. त्याचे दोन भाग असतात. टेट्रासायक्लिन लहान भागावर बसून अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूला जागाच देत नाही. स्ट्रेप्टोमायसिनही लहान भागावरच बसतं, पण ते वाचनात चुका करवतं, त्यामुळे भलतीच प्रथिनं तयार होतात. एरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन मोठ्या भागातल्या बोगद्यात अडकतात, त्यामुळे प्रथिनाची साखळी बाहेर पडण्याची वाट अडते. रायबोसोमची अणूपातळीवरची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं, आणि कोणतं औषध नेमकं कुठे बसतं ते त्या चित्रांमुळे डोळ्यांनी पाहता आलं.

सिप्रोफ्लोक्सासिनचा गट डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला मध्येच पकडतो, डीएनए कापलेल्या अवस्थेत राहतो. रिफाम्पिसिन आरएनए बनवणारं विकर बंद पाडतं. कोलिस्टिन पेशीपटलच विस्कटतं. ते मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतं, म्हणून दुसरा इलाज उरला नाही की मगच काढतात. व्हँकोमायसिनची रीत न्यारी आहे. पेनिसिलिन विकराला फसवतं, तर व्हँकोमायसिन भिंतीच्या जाळीतल्या त्या अमिनो आम्लांच्या धाग्याच्या टोकालाच टोपी घालून बसतं.

सर्दी किंवा फ्लूवर अँटिबायोटिक घेतलं तर?

काही उपयोग नाही. विषाणूला भिंत नाही, रायबोसोम नाही. तो आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो. घाव घालायला ठिकाणच नाही. दोन दिवसांत बरं वाटलं तर ते तसंही वाटलंच असतं. त्या दोन दिवसांत आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर मात्र औषधाचा मारा होतो. कधी कधी त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजतो आणि जुलाबाने माणूस हैराण होतो.

ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह यात औषधाच्या दृष्टीने काय फरक?

हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जिवाणू रंगवायची एक पद्धत काढली. काही जिवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. धरून ठेवणाऱ्यांची भिंत जाड असते, पण ती सरळ बाहेर उघडी असते. सोडणाऱ्यांची भिंत पातळ, मात्र तिच्यावरून आणखी एक पटल पांघरलेलं. त्या पटलातल्या अरुंद छिद्रांतून मोठे रेणू जात नाहीत. व्हँकोमायसिन बहुतेक ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंवर चालत नाही ते एवढ्याचसाठी. आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंपही या जिवाणूंकडे भरपूर असतात. आज रुग्णालयांना धडकी भरवणाऱ्या जिवाणूंच्या यादीत ग्रॅम निगेटिव्ह इतके का, ते यावरून कळेल.

बुरशी आणि मातीतले जिवाणू ही औषधं बनवतात तरी कशाला?

'शत्रूला मारायला' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. मातीत हे रेणू अनेकदा इतक्या कमी प्रमाणात असतात की त्यांनी कुणी मरणार नाही. म्हणून ते आपापसांतले निरोप असावेत असं मानणारेही अभ्यासक आहेत. दोन्ही खरं असू शकतं.

कारण काहीही असो, पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो जिओस्मिनचा, आणि ते बनवणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंचा मोठा वाटा. आपल्या औषधांचं सगळ्यात मोठं कोठारही हेच कूळ. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना मिळालं. क्लोरॅम्फेनिकॉल व्हेनेझुएलातल्या मातीतून आलं. व्हँकोमायसिन बोर्निओच्या मातीतून आलं, ते याच कुळाच्या एका चुलत भावंडाने बनवलेलं. सेफॅलोस्पोरिनचं मूळ सार्डिनिया बेटावरच्या सांडपाण्यात सापडलेल्या एका बुरशीत आहे.

मग हे जिवाणू स्वतः कसे वाचतात? आपल्या रायबोसोमवर औषध जिथे बसणार, तिथे आधीच एक मिथिल गट लावून ठेवतात, किंवा औषध तयार होताच पंपाने बाहेर काढतात. ही जनुकं पुढे आपल्यालाच नडणार आहेत, ते लक्षात ठेवा.

कारखान्यात पेनिसिलिन कसं बनतं?

आधी बुरशी निवडावी लागते. फ्लेमिंग यांची बुरशी लिटरमागे जेमतेम मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम पेनिसिलिन द्यायची, आणि तीही पृष्ठभागावर साय धरल्यासारखी वाढायची. अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत दोन गोष्टी जुळल्या. मक्याचं स्टार्च काढताना उरणारा चिकट अर्क पोषक द्रवात घातल्यावर उत्पादन कितीतरी वाढलं. आणि १९४३ मध्ये एका बुरसलेल्या खरबुजावर अशी बुरशी मिळाली, जी टाकीत बुडूनही उत्तम वाढायची. तिच्यावर क्षकिरण आणि अतिनील किरण सोडून, हजारो वंशजांतून चांगले निवडून, तेच पुन्हा पुन्हा केलं गेलं. आजचे कारखान्यातले वाण लिटरला ४०-५० ग्रॅम देतात. पुढे जनुकं वाचता आली तेव्हा दिसलं की या वाणांत पेनिसिलिनच्या जनुकांचा अख्खा संच अनेक प्रतींमध्ये बसलेला आहे. निवड करणाऱ्यांना ते माहीतही नव्हतं.

आता टाकी. गोठवून ठेवलेल्या बीजाणूंपासून फ्लास्क, फ्लास्कमधून लहान सीड टँक, तिथून लाखभर लिटरचा फर्मेंटर. तापमान २५ अंशांच्या आसपास. बुरशी श्वास घेते आणि भरपूर उष्णता सोडते, म्हणून टाकीला ऊब देण्यापेक्षा ती थंड ठेवण्याचीच धडपड जास्त. जंतुविरहित हवा सतत आत सोडायची, पंखे फिरवायचे, फेस वर आला की फेस मारणारं तेल घालायचं.

खरं कसब साखर देण्यात आहे. पोटभर ग्लुकोज दिलं की बुरशी नुसती फोफावते, पेनिसिलिन बनवत नाही. वाढ आटोक्यात आली, थोडी उपासमार झाली की मग ती औषधाकडे वळते. म्हणून आधी वाढू द्यायचं आणि नंतर साखर थेंबाथेंबाने सोडायची. सोबत फेनिलअ‍ॅसेटिक आम्लही बेतानेच, कारण पेनिसिलिन जी, म्हणजे इथे बनणारा पेनिसिलिनचा प्रकार, त्याची बाजूची साखळी त्यातून येते, पण जास्त झालं तर ते बुरशीलाच विषारी. आठवडाभर हा तोल सांभाळायचा. त्यात पेनिसिलिनेज (पेनिसिलिन तोडणारं विकर) बनवणारा एखादा जिवाणू शिरला की तो तयार झालेलं पेनिसिलिन खाऊन टाकतो आणि अख्खी बॅच गटारात. जिवाणू मारणारं औषध बनवताना सगळ्यात मोठी भीती जिवाणूंचीच, याचं फर्मेंटेशनवाल्यांना मुळीच नवल वाटत नाही.

शेवटी बुरशी गाळून काढतात, द्रव थंड करून आम्लधर्मी करतात आणि पेनिसिलिन द्रावकात ओढून घेतात. हे झटपट करावं लागतं, कारण आम्लात पेनिसिलिन टिकत नाही. लगेच ते परत पाण्यात आणून क्षाराचे स्फटिक पाडतात. हीटली यांची युक्ती अजून चालूच आहे.

मग अमॉक्सिसिलिनही बुरशीच बनवते का?

अर्धंच. जॉन शीहन यांनी १९५७ मध्ये पेनिसिलिन व्ही पूर्णपणे रसायनांपासून बनवून दाखवलं, पण खर्चाच्या हिशोबात बुरशीपुढे कोणीच टिकलं नाही. त्यामुळे गाभा बुरशीकडून घ्यायचा आणि साखळी आपण बदलायची असा मार्ग निघाला. पेनिसिलिन जीची साखळी छाटून ६-एपीए नावाचा गाभा उरतो, त्याला नवी साखळी जोडली की अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन वगैरे तयार. पूर्वी ही छाटणी शून्याखाली चाळीसेक अंशांवर तिखट रसायनांनी करत. आता पेनिसिलिन अ‍ॅसायलेज हे जिवाणूंचं विकर मण्यांवर बसवून साध्या कोमट पाण्यात तेच काम होतं, आणि तेच मणी पुन्हा पुन्हा वापरता येतात.

वारंवार औषध घेतलं की शरीराला त्याची सवय होते, हे खरं का?

सवय शरीराला होत नाही. प्रतिरोध जिवाणूंमध्ये येतो. हा गोंधळ दूर होणं गरजेचं आहे, नाहीतर 'मी तर क्वचितच घेतो, मला काय धोका' असं वाटत राहतं. आयुष्यात कधीच अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधी जिवाणूची लागण होऊ शकते.

वीस मिनिटांत दुप्पट होणारा एक जिवाणू, अन्न पुरलं तर, दहा तासांत शंभर कोटींवर जातो. इतक्या नकला काढताना डीएनएमध्ये चुका होणारच. रिफाम्पिसिनला दाद न देणारा एखादा जिवाणू साधारण दहा कोटींत एक असा आपोआप निघतो. औषध त्याला घडवत नाही, बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान देतं. क्षयरोगावर एका वेळी अनेक औषधं देतात त्यामागे हेच गणित आहे. एकाला चुकवणारे निघतील, पण एकाच वेळी तिघा-चौघांना चुकवणारा निघणं जवळपास अशक्य.

ही झाली घरात लागलेली चूक. त्याहून वेगाने पसरतात ती उसनी जनुकं. प्लास्मिड म्हणजे डीएनएची छोटी कडी. जिवाणू एकमेकांना चिकटून ती देतात, आणि देताना जात पाहत नाहीत. एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांना पुरून उरणारी जनुकं असू शकतात. ती आली कुठून? वर म्हटलं ते आठवा: औषध बनवणारे मातीतले जिवाणू ती आधीपासून बाळगून होते. ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही अशी जनुकं सापडली आहेत. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची नोंद अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केली, पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायच्या आधी.

यावर औषधवाल्यांनी काही तोड काढली नाही का?

काढली. क्लॅव्हुलॅनिक आम्ल हे त्यातलं उत्तम उदाहरण. ते स्वतः जिवाणूला फारसं मारत नाही. पेनिसिलिन तोडणारं विकर त्याच्यावर झडप घालतं आणि निकामी होऊन बसतं, तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपलं काम उरकतं. हे आम्लही एका स्ट्रेप्टोमायसिसनेच दिलेलं. मेथिसिलिन १९५९ मध्ये याच विकराला दाद न देणारं म्हणून आलं. १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, म्हणजे एमआरएसए, इंग्लंडमध्ये नोंदला गेला. त्याने औषध तोडलं नाही, टाके घालणारं विकरच बदलून टाकलं.

बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायलाच हवा का?

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्या, मनाने थांबू नका. मात्र 'जितकं जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही. न्यूमोनियासारख्या काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स तितकेच गुणकारी ठरले आहेत, आणि डॉक्टर आता तसे देतातही. क्षयरोगात मात्र काही महिने लागतातच. तिथे सुस्त पडलेले जिवाणू असतात, आणि झोपलेल्या जिवाणूवर पुष्कळ औषधं फारशी चालत नाहीत; पेनिसिलिनचं तसं आपण पाहिलंच. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवू नका, दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका.

कल्चर रिपोर्टमधल्या एस, आय, आर या अक्षरांचा अर्थ काय?

एस म्हणजे जिवाणू त्या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही. आय असेल तर मोठ्या डोसने किंवा औषध जिथे साठतं अशा जागी उपयोग होऊ शकतो. बशीवर जिवाणू पसरून औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवतालचं रिकामं वलय मोजतात, फ्लेमिंग यांनी पाहिलं होतं तसंच. एक सावधगिरी: एका औषधाचं वलय दुसऱ्यापेक्षा मोठं, म्हणून ते जास्त चांगलं असं नसतं. काही रेणू आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या जेलीसारख्या थरात, सहज पसरतात, काही नाही. प्रत्येक औषधाचं वलय त्याच्या ठरलेल्या मापाशीच ताडून पाहायचं.

डॉक्टर साधं औषध देतात, 'स्ट्राँग' अँटिबायोटिक का देत नाहीत?

स्ट्राँग असं काही नसतं. बसणारं आणि न बसणारं असतं. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा दुखत असेल तर साधं पेनिसिलिन आजही अचूक बसतं. घशातला हा जिवाणू पेनिसिलिनला अजून प्रतिरोधी झालेला नाही.

नवीन प्रतिजैविकं का येत नाहीत?

येतात, पण तुटपुंजी. मातीतले सहज वाढणारे जिवाणू चाळून झाले, पुन्हा पुन्हा तेच रेणू हाती लागायला लागले. मातीतले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांना त्यांच्याच मातीत, बारीक छिद्रांच्या चकतीत कोंडून वाढवण्याची युक्ती वापरून किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेइक्सोबॅक्टिन शोधलं, ते २०१५ मध्ये जाहीर झालं.

दुसरी अडचण पैशाची, आणि मला ती जास्त अवघड वाटते. नवं प्रतिजैविक आलं की शहाणे डॉक्टर ते राखून ठेवतात, गरज पडेल तेव्हाच वापरतात. ते योग्यच आहे, पण विक्री होणार कशी? प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ते बनवणारी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. औषध चांगलं होतं. त्याच २०१९ या वर्षी जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

जिवाणू खाणारे विषाणू वापरता येत नाहीत का?

येतात. त्यांना बॅक्टेरियोफाज (थोडक्यात फाज) हे नाव फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये दिलं, आणि जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात ही उपचारपद्धत गेली कित्येक दशकं चालू आहे. फाज फार चोखंदळ असतो, एका जातीतल्याही ठरावीक वाणांनाच मारतो. त्यामुळे आतड्यातले बाकीचे जिवाणू सुखरूप राहतात, पण प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूला जुळणारा फाज आधी शोधावा लागतो. जिवाणू फाजलाही चुकवायला शिकतात. मात्र काही वेळा फाजपासून वाचण्यासाठी ते औषध बाहेर फेकणारा पंपच गमावून बसतात, आणि मग जुनं प्रतिजैविक त्यांच्यावर पुन्हा लागू पडतं.